‘पुण्याजवळच राहते’ : केबिन क्रूच्या दोन मुलाखतींचं एक प्रकरण

या प्रकरणातली मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते, धाकटा भाऊ आयटीआयला. घरात तेलुगू, शाळा मराठी, शेजार कन्नड, कॉलेजात हिंदी-मराठीची सरमिसळ. बी. कॉम. होऊन वर्ष झालेलं, वय २२, उंची १५८ सेंटीमीटर. विमानात कधी बसलेली नाही. काही महिन्यांच्या अंतराने तिने दोन वेगवेगळ्या एअरलाइन्सच्या केबिन क्रू पदासाठी मुलाखती दिल्या. पहिल्या ठिकाणी ती समोरासमोरच्या मुलाखतीत बाद झाली, दुसऱ्या ठिकाणी तिची निवड झाली.

मधल्या काळात तिचं इंग्रजी फारसं सुधारलं नव्हतं. उंची तीच, पदवी तीच, अंगावरचे कपडेही तेच. मग बदललं काय, ते नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे.

मी स्वतः बरीच वर्षं केबिन क्रूमध्ये नोकरी केली आणि आता सोलापुरात राहते. रविवारी सकाळी मुलाखतीची तयारी करणारी मुलंमुली घरी येतात, त्यांच्याकडून पैसे घेत नाही. ही मुलगी पहिल्या नकारानंतर आली ती एक वही घेऊन. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या तिने प्रत्येक प्रश्न आणि आपलं प्रत्येक उत्तर आठवेल तसं उतरवून काढलं होतं. या लेखाचा मुख्य आधार ती वहीच. तिची आणि तिच्या वडिलांची संमती घेतली आहे. एअरलाइन्स, क्लास आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत.

क्लासमध्ये काय शिकवलं

सोलापुरात विमान हा विषय कित्येक वर्षं एका चिमणीभोवती फिरत होता. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी होटगी रोडच्या विमानतळाला अडथळा ठरते की नाही, यावर घराघरात वाद व्हायचे. १५ जून २०२३ ला ती पाडली. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचं. डोक्यावरून विमान जाताना दिसायला लागलं तशी ‘आपल्या पोरीला जमेल का’ अशी चौकशी सुरू झाली. चौकशीच्या मागोमाग क्लासचे फलकही लागले.

या मुलीच्या वडिलांनी कारखानदाराकडून उचल घेऊन अशाच एका क्लासची एक लाख दहा हजार रुपये फी भरली. प्लेसमेंटची खात्री तोंडी दिलेली. पावतीवर त्याचा उल्लेख नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण सोलापुरातल्या पालकांना ती कुणी सांगत नाही. भारतात केबिन क्रू व्हायला नियमाने लागतं ते बारावी पास असणं आणि वयाची अठरा वर्षं पूर्ण असणं. त्यावरच्या अटी एअरलाइन्सच्या स्वतःच्या: मुलींसाठी उंची साधारण १५५ सेंटीमीटर, नवख्या उमेदवारांसाठी वयाची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी सत्ताविशीच्या आसपास, पासपोर्ट, आणि गणवेशातून दिसेल असा टॅटू नको. निवड झाल्यावर आग, धूर, प्रथमोपचार, धोकादायक सामान, विमान रिकामं करणं, पाण्यावर उतरल्यास काय करायचं, हे सगळं प्रशिक्षण एअरलाइनच देते, आणि त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची म्हणजे डीजीसीएची मान्यता असते. बाहेरचा डिप्लोमा आणला म्हणून त्यातलं काही माफ होत नाही. मुलाखतीला बसायला तर तो लागतच नाही. कुठलीही खरी एअरलाइन भरतीसाठी पैसे मागत नाही, हेही इथेच लिहून ठेवते.

क्लासचा सगळाच भाग वाया गेला असं मी म्हणणार नाही. केसांचा जाळीचा अंबाडा, टाचेच्या बुटात सरळ चालणं, पाठ ताठ ठेवून बसणं, हे तिथे तिला नीट जमायला लागलं. पण त्यासोबत तीन सूचना मिळाल्या. सोलापूर म्हणायचं नाही, ‘पुण्याजवळ’ म्हणायचं. फॉर्ममध्ये भाषांच्या रकान्यात इंग्रजी, हिंदी, मराठी एवढंच लिहायचं, तेलुगू-कन्नड लिहिलं तर उच्चारावर शंका येते. आणि अनुभव विचारला की कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये रागावलेल्या प्रमुख पाहुण्यांना शांत केल्याचा किस्सा सांगायचा. हा किस्सा सगळ्या बॅचला एकच पाठ करून दिलेला होता.

मला राग येतो तो या तीन सूचनांचा. शहर, घरची भाषा आणि स्वतःचे अनुभव या तिन्ही गोष्टी लपवायला त्यांनी तिला पैसे घेऊन शिकवलं, आणि मुलाखतीत नेमक्या त्याच विचारतात.

पहिली मुलाखत, पुणे

नोंदणी सकाळी नऊपर्यंत होती. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी साडेसहाच्या सुमाराला सोलापुरातून निघते आणि साडेदहाच्या आसपास पुण्यात पोचते, म्हणजे तिचा काहीच उपयोग नाही. म्हणून ती रात्रीच्या गाडीने गेली, पहाटेच्या अंधारात उतरली आणि महिला प्रतीक्षालयात बसून राहिली. तिथल्याच आरशासमोर तिने अंबाडा घातला आणि गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घातला. तो तिने घरातून पिशवीच्या तळाशी ठेवून नेला होता, कारण वडिलांनी परवानगी दिली होती पण चुलत्यांना कळू द्यायचं नव्हतं.

उंची मोजली, हात-मान-पायावरच्या खुणा पाहिल्या, एक मिनिट स्वतःविषयी बोलायला लावलं, इंग्रजी घोषणेचा एक कागद वाचायला दिला. इथपर्यंत ती टिकली. तीनशेच्या वर मुलं आली होती आणि दुपारपर्यंत निम्म्याहून कमी उरली होती, असं ती म्हणाली. मग समोरासमोरची मुलाखत. बोलणं इंग्रजीत झालं, वहीवरून इथे मराठीत देते.

‘कुठून आलात?’

‘पुण्याजवळच राहते.’

‘पुण्याजवळ कुठे?’

‘सोलापूर.’

‘सोलापूर पुण्याजवळ आहे?’

यावर ती गप्प. अंतर अडीचशे किलोमीटर आहे आणि समोरच्या बाईंना ते माहीत होतं. बाई काही लागट बोलल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला: रागावलेल्या माणसाला कधी हाताळलं आहे का? हिने गॅदरिंगचा किस्सा सुरू केला. पाहुण्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली नाही, ते चिडले, मी हसून माफी मागितली, पाणी दिलं, ते शांत झाले, नंतर त्यांनी माझं कौतुक केलं.

‘तुमचे नेमके शब्द काय होते?’

‘मी सॉरी म्हणाले.’

‘ते काय म्हणाले?’

‘ते… ओके म्हणाले.’

‘तुमच्या मागे कोण उभं होतं तेव्हा?’

हा तिसरा प्रश्न मला फार आवडला. खोटा किस्सा सांगणाऱ्याला शब्द रचता येतात, पण त्या क्षणी मागे कोण होतं हे डोळ्यांसमोर नसतं. वहीत या प्रश्नापुढे तिने उत्तर लिहिलेलं नाही, नुसती रेघ ओढली आहे. दहा मिनिटांत ती बाहेर होती.

त्या बाई काय शोधत होत्या

तिचा स्वतःचा निष्कर्ष होता की इंग्रजी कमी पडलं. वडिलांचा निष्कर्ष होता की अशा नोकऱ्या ओळखीशिवाय मिळत नाहीत. दोन्ही मला पटले नाहीत. इंग्रजीत अडखळलेल्या मुली निवडल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. वहीतले प्रश्न वाचल्यावर मुलाखत घेणाऱ्या बाई कुठे थांबल्या आणि कुठे पुढे गेल्या हे दिसतं. व्याकरण चुकलं तिथे त्या थांबलेल्या नाहीत. त्या थांबल्या ते जिथे जिथे तपशील विरळ झाला तिथे.

याचं कारण विमानातल्या कामात आहे. कॉकपिटचं दार उड्डाणात बंद असतं. मागच्या गॅलीत, म्हणजे जेवण गरम करायच्या जागेत, ओव्हनमधून धूर यायला लागला तर कॅप्टनला तो दिसत नाही. त्याला इंटरकॉमवर केबिन क्रू जे सांगेल तेवढंच कळतं. धूर कुठून येतोय, रंग पांढरा की काळा, वास प्लॅस्टिकचा की अन्नाचा, ज्वाळा दिसतात का, कोणतं अग्निशामक वापरलं, प्रवाशांना कुठे हलवलं. या सहा-सात वाक्यांवर तो विमान जवळच्या विमानतळावर उतरवायचं की नाही ते ठरवतो. तिथे एखादी मुलगी ‘सगळं नियंत्रणात आहे सर’ असं गुळगुळीत वाक्य बोलली आणि प्रत्यक्षात पॅनेलच्या मागे अजून धग असली, तर ती मुलगी कितीही छान हसली तरी उपयोग नाही. पाहिलं ते पाहिल्यासारखं सांगता येणं, आणि न पाहिलेलं ‘पाहिलं नाही’ म्हणता येणं, हा या नोकरीचा पाया आहे. मुलाखतीत ‘एखादा प्रसंग सांगा’ म्हणतात त्यातून हेच तपासलं जातं असं माझं ठाम मत आहे. पाठ केलेला किस्सा इथे नुसता निरुपयोगी ठरत नाही, तो उमेदवाराच्या विरोधात जातो.

उंचीच्या अटीमागेही असंच कामाचं कारण आहे. अग्निशामक, ऑक्सिजनची नळकांडी, मेगाफोन ही सामग्री बऱ्याचदा वरच्या कप्प्यांत ठेवलेली असते. आखाती देशांतल्या काही मोठ्या एअरलाइन्स तर उंचीसोबत चवड्यांवर उभं राहून हात २१२ सेंटीमीटरपर्यंत पोचतो का हेही भिंतीवरच्या खुणेवर बघतात. आणि मुळात विमानात केबिन क्रू किती असावेत याचा नियम आसनसंख्येवर चालतो, साधारण दर ५० आसनांमागे एक. गोव्याला जाणाऱ्या सत्तरेक आसनांच्या एटीआर विमानात दोघं असतात ते या हिशेबाने. कुणी जेवण मागवलं न मागवलं, तो आकडा बदलत नाही.

तयारी

पहिल्या रविवारी मी तिला इंग्रजी बोलायलाच दिलं नाही. मराठीत सांग म्हटलं. रागावलेली, घाबरलेली, अडून बसलेली माणसं तू कुठे कुठे पाहिलीस? पहिलं उत्तर आलं, ‘तसं काही झालं नाही मॅडम.’ सगळ्यांचं पहिलं उत्तर हेच असतं. मग मी विचारलं, सुट्टीत कुठे असायचीस? तर म्हणे आईच्या विड्या द्यायला कारखान्यात जायची.

तिथून तासभर ती बोलत होती. विड्यांच्या जुड्या भरलेली टोपली घेऊन बायका रांगेत उभ्या असतात. तपासणारा माणूस एकेक जुडी हातात घेऊन बघतो, लहान-मोठी, सैल, फाटक्या पानाची विडी बाजूला काढतो. बाजूला पडलेल्या विडीची मजुरी मिळत नाही. एका दिवशी एका म्हाताऱ्या बाईंच्या बऱ्याच विड्या बाजूला पडल्या. त्या तेलुगूत ओरडायला लागल्या. तपासणारा मराठीत, मधूनच कन्नडमध्ये ओरडत होता. मागे चाळीसेक बायका उन्हात. ही तेव्हा अकरावीत होती.

‘मग तू काय केलंस?’

‘काही नाही मॅडम, मध्ये पडले फक्त.’

‘मध्ये पडले म्हणजे काय? कुठे उभी राहिलीस?’

ती उठली आणि उभी राहून दाखवलं. दोघांच्या मध्ये नाही, म्हाताऱ्या बाईंच्या बाजूला, त्यांच्या कोपराला हात लावून, तोंड तपासणाऱ्याकडे. पाच फूट दोन इंचांची मुलगी माझ्या हॉलमध्ये उभी होती आणि रागावलेल्या माणसाशी बोलताना कुठे उभं राहायचं हे तिला कुणी न शिकवता येत होतं. प्रवाशाच्या अंगावर न जाता, त्याची वाट न अडवता, त्याच्या बाजूला उभं राहायचं हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवावं लागतं.

तिने त्या आजींना विचारलं होतं, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? आजींना विड्या परत घ्यायला लावायच्या नव्हत्या. किती काढल्या तो आकडा पाहिजे होता, कारण घरी सुनेला हिशेब द्यायचा होता. तपासणाऱ्याला आकडा द्यायला हरकत नव्हती, त्याला रांग पुढे सरकायला हवी होती. आजींना एका बाजूला बसवून बाजूला काढलेल्या विड्या त्यांच्यासमोर हिनेच मोजल्या, तोवर रांग सुरू झाली.

‘हे मुलाखतीत सांगायचं.’

‘मॅडम, विडीचं सांगितलं तर हसतील की. आई विड्या वळते म्हणून कळेल.’

यावर मी लगेच काही समजूत घातली नाही. तिचं म्हणणं खरं होतं, हसणारी माणसं असतात. मी एवढंच म्हटलं की गॅदरिंगच्या पाहुण्यांबद्दल तीन प्रश्न विचारले आणि तू थांबलीस, या आजींबद्दल मी वीस विचारले आणि तू थांबली नाहीस. निर्णय तुझा. ती दोन आठवडे विचार करत होती.

मधल्या काळात आणखी प्रसंग निघाले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवात स्वयंसेवक असताना गर्दीत चक्कर आलेली बाई. रात्री मागावर शॉर्टसर्किट होऊन सुताला धग लागली तेव्हा वडिलांनी आधी मेन स्विच बंद केला आणि मग पाण्याऐवजी वाळूची बादली उचलली, हे तिने दारातून पाहिलेलं. प्रत्येक प्रसंग आधी मराठीत, मग साध्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. मी पाठ करू दिलं नाही. दर वेळी मधूनच वेगळा प्रश्न विचारायचे.

‘केबिन क्रूच का?’ या प्रश्नावर क्लासने ‘मला जग बघायचं आहे’ असं उत्तर दिलं होतं. ते खोडायला मी तिला एक घटना वाचायला दिली. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० विमान उतरताना धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. पण जळत्या ए३५० मधले ३७९ जण बाहेर पडले, सगळे. घोषणांची यंत्रणा बंद पडली होती, क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा आवाज वापरला. आठ दारांपैकी तीनच सुरक्षित होती. कोणत्या दाराबाहेर आग आहे हे खिडकीतून बघून मगच दार उघडायचं असतं. मागच्या दाराजवळच्या क्रूचा कॉकपिटशी संपर्क तुटला होता, तिथला निर्णय त्यांनी स्वतः घेतला. प्रवाशांनी बॅगा घेतल्या नाहीत. हे वाचून ती पुढच्या रविवारी आली आणि आपणहून विचारलं, ‘मॅडम, आग लागल्यावर बॅग घेऊ नका हे चारशे जणांना पटवायचं कसं?’ मला वाटलं, आता ही मुलाखतीला जायला हरकत नाही. नवं विमान वापरात येण्याआधी निम्मीच दारं वापरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावं लागतं, ती माहिती मी तिला त्या दिवशी दिली आणि आम्ही दोघींनी मोबाइलवर ९० सेकंद लावून नुसते बसून बघितले.

वडिलांशी बोलणं वेगळं झालं. सुट्टीच्या दिवशी आले, खुर्चीच्या कडेवर बसले. कपड्यांचा विषय त्यांनी काढलाच नाही. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या होत्या: रात्रीच्या पाळ्या किती, आणि लग्न झाल्यावर कामावर ठेवतात का. रात्रीचं मी लपवलं नाही. पहाटे तीनला उठावं लागतं, सणाला घरी नसते, कंपनीची गाडी न्यायला-सोडायला येते. ‘माग पण रात्रीचा चालतोच की,’ एवढंच ते म्हणाले. लग्नाबद्दल सांगितलं की एके काळी एअर इंडियात पहिल्या गरोदरपणातच एअर होस्टेसची नोकरी जायची. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात रद्द केलं. त्याच निकालात नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कोर्टाने कायम ठेवली होती. आता गरोदरपणात उड्डाणाच्या कामावरून उतरवतात, नोकरीवरून काढत नाहीत. नेमणुकीच्या पत्रात काय अट आहे ती मात्र प्रत्येकाने स्वतः वाचावी. त्यांनी ‘१९८१’ हा आकडा तळहातावर पेनाने लिहून घेतला. घरी चुलत्यांना सांगायला असावा.

दुसरी मुलाखत, मुंबई

या वेळी ती आदल्या दिवशीच निघाली आणि भिवंडीत मावशीकडे राहिली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बहुतेक घरांचं कुणी ना कुणी भिवंडीत असतंच, तिथेही मागच चालतात. रात्रभर झोप झाली. उमेदवाराच्या तयारीत झोप धरली जात नाही, पण बाहेरगावाहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्या मुलींचे चेहरे मुलाखतीत लगेच ओळखू येतात.

फॉर्मवर तिने पाच भाषा लिहिल्या.

गटचर्चेत आठ जणांना काम दिलं: हॉटेलात चार खोल्या, सात पाहुणे, कुणाला द्यायच्या ते पंधरा मिनिटांत एकमताने ठरवा. दोन मुलं जोरात बोलत होती. हिने आधी वेळ बघायची जबाबदारी मागून घेतली, आणि दहाव्या मिनिटाला शेवटच्या खुर्चीवरच्या मुलीला, जी काहीच बोलली नव्हती, तिचं मत विचारलं. ही युक्ती म्हणून मी शिकवलेली नव्हती. नंतर विचारलं तर म्हणाली, ‘तिचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, मला दिसत होतं ना.’

मुलाखतीत एक सर आणि एक मॅडम. कुठून आलात? सोलापूर. सर म्हणाले, सोलापूरचं काय सांगाल? तिने चादर-टॉवेल, शेंगाचटणी यांची नावं घेतली, आणि मग सांगितलं की आमच्या गल्लीत पाच घरांत चार भाषा आहेत, त्यामुळे कुणाशी कोणत्या भाषेत सुरुवात करायची हे दारातून बघूनच ठरवावं लागतं. मॅडमनी फॉर्म वर केला. तेलुगू येतं? मी एक वयस्कर बाई आहे, पहिल्यांदा विमानात बसले आहे, मला पट्टा बांधायला सांगा, इंग्रजी मला येत नाही. ती खुर्चीवरून उठून मॅडमच्या बाजूला गेली, किंचित वाकली, आणि आपल्या आजीशी बोलावं तसं तेलुगूत बोलली. हैदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम, तिरुपती या मार्गांवर अशा मुलीचा किती उपयोग आहे हे ज्यांनी त्या विमानांत काम केलंय त्यांना विचारावं. क्लासने हीच भाषा रकान्यातून वगळायला लावली होती.

मग तोच प्रश्न आला, रागावलेल्या माणसाचा. तिने विडी कारखान्यातला प्रसंग सांगितला. आई विड्या वळते हे दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकलं. व्याकरण दोन-तीनदा घसरलं, ‘रिजेक्टेड’ हा शब्द तिला वेळेवर आठवला नाही, तिने हाताने बाजूला काढून दाखवलं.

‘म्हणजे त्या आजींचे पैसे मिळाले?’ सरांनी विचारलं.

‘नाही सर. विड्या परत घेतल्या नाहीत. आकडा कळला फक्त.’

‘मग तुम्ही प्रश्न सोडवला असं कसं म्हणता?’

‘मी सोडवला नाही. रांग सुरू झाली आणि आजी ओरडायच्या थांबल्या. त्यांचा राग गेला नव्हता.’

हे उत्तर वाचून मी वही मिटली. शेवट गोड करायची संधी सरांनी तिच्या पुढ्यात आणून ठेवली होती, आणि तिने जे घडलं तेवढंच सांगितलं. धुराबद्दल कॅप्टनला जी मुलगी हवी असते ती हीच. त्या दोघांनी तिला कशावरून निवडलं हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, एअरलाइन्स कारणं देत नाहीत. मी माझ्या अनुभवावरून या एका उत्तरावर बोट ठेवते.

निवडीनंतर

ऑफर वैद्यकीय तपासणीच्या अटीवर होती. तिथे हिमोग्लोबिन कमी निघालं आणि तिला तात्पुरतं अपात्र ठरवलं. घरात रडारड झाली, पण यात घाबरण्यासारखं नव्हतं. तात्पुरतं अपात्र म्हणजे उपचार करून पुन्हा तपासणी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आईने गूळ-शेंगदाणे आणि पालेभाजी सुरू केली, दुसऱ्या तपासणीत ती बसली. मुलाखतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलीने रक्त, डोळे आणि कान आधीच तपासून घ्यावेत असा माझा आग्रह आहे. सोलापुरात हे काही शे रुपयांत होतं, आणि मग ऐन वेळी महिने जात नाहीत.

प्रशिक्षणासाठी बाँड लिहून द्यायचा होता. वडिलांनी तो ओळखीच्या वकिलांकडून वाचून घेतला, मुदत आणि मध्येच सोडल्यास भरायची रक्कम समजून घेतली आणि मगच तिला सही करू दिली. ती आता प्रशिक्षणात आहे. अल्कोहोल असलेलं माउथवॉशसुद्धा उड्डाणाआधी चालत नाही, कारण श्वासतपासणीत ते दिसतं, हे तिने मला फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं.

त्याच बॅचमधली दुसरी मुलगी

हे प्रकरण एका मुलीचं असलं तरी तिच्यासोबत क्लासमधली तिची मैत्रीणही माझ्याकडे येत होती. माझ्या मते दोघींमध्ये ती जास्त चांगली बोलते. प्रसंग सांगताना तिला थांबवावं लागत नाही, आवाज स्वच्छ आहे, गोंधळात डोकं शांत राहतं. पहिल्याच रविवारी मी तिला भिंतीला टेकून उभं केलं आणि टेपने मोजलं. १५२.५ सेंटीमीटर. दुसऱ्यांदा मोजलं, तेवढेच.

तयारीने हे अंतर भरून निघत नाही, आणि मी तिला तसं सांगितलं. तिला खरं तर हे एक लाख दहा हजार भरायच्या आधी कळायला हवं होतं. क्लासच्या प्रवेश फॉर्मवर उंचीचा रकाना आहे. त्यात कुणीतरी १५६ लिहिलंय आणि ते अक्षर तिचं नाही. प्रवेशाच्या दिवशी कुणी टेप लावली नव्हती.

तिला मी विमानतळावरच्या ग्राउंड स्टाफच्या जागा दाखवल्या आहेत. चेक-इन काउंटर, बोर्डिंग गेट, प्रवासी मदत, तिथे सहसा उंचीची अशी अट आड येत नाही आणि बोलण्याचा उपयोग होतो. दोन ठिकाणी तिने अर्ज केले आहेत. फी परत मागणारं पत्र क्लासला रजिस्टर पोस्टाने पाठवलं, त्याला उत्तर आलं नाही. म्हणून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल करायची तयारी सुरू आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, हे तिच्या आईला माहीत नव्हतं, म्हणून इतके दिवस थांबल्या होत्या. तक्रारीसोबत प्रवेश फॉर्मची प्रत, फीची पावती आणि सरकारी दवाखान्यातून घेतलेला उंचीचा दाखला जोडला आहे. पहिल्या मुलीच्या वडिलांनी आपल्याही पावतीची प्रत दिली आणि गरज लागली तर साक्षीला येतो म्हणून सांगितलं आहे.